आई (फोल्डिंग)

घराचा नकाशा शेजारून तेवढ्यापुरत्या मागून आणलेल्या टेबलावर पसरलेला होता आणि जुळारीणबाईंच्या बाजूने तो पूर्ण उलटा होता. पलीकडे मुलगी, जावई आणि घर नव्याने लावून देणारी डिझायनर पोरगी अशी तिघं दाटीवाटीने सरळ बाजूला बसली होती. अलीकडे या एकट्याच, चहाचा कप घेऊन, लग्नाच्या फोटोत कडेला उभ्या राहिलेल्या लांबच्या नातेवाइकासारख्या. नकाशा त्यांच्याकडे वळवावा असं कुणाला सुचलं नाही. उलट्या कागदावरचं बारीक अक्षर म्हाताऱ्या माणसाला काय वाचता येणार, असा एक साधासुधा, निर्मळ गैरसमज त्यामागे असावा. पण ज्या बाईने चौतीस वर्षं छापखान्यात उभं राहून शिशाचे खिळे जुळवले, एकेक अक्षर चिमटीत धरून ओळी लावल्या, आणि त्या ओळी लावताना अक्षरं उलटी, वर पुन्हा आरशात दिसावीत तशी पाहिली, तिला नुसता उलटा कागद म्हणजे सुट्टीचा दिवस. बाईंनी चहाचा घोट घेता घेता अख्खं घर वाचून काढलं. खिडकीसमोर ‘आरसा’. दारावर ‘माळा’. मोरीला ‘सरकते दार’. खिडकीखाली ‘व्यायामाची सायकल’. छताला ‘झाडे (लटकती)’. आणि खिडकीलगतच्या ज्या भिंतीला त्यांचा लोखंडी पलंग गेली एकोणचाळीस वर्षं टेकून उभा होता, तिथे काडेपेटीतल्या काडीएवढा एक बारीक आयत होता, आणि त्याच्या शेजारी नीटनेटक्या अक्षरात लिहिलं होतं: ‘आई (फोल्डिंग)’.

ठसका लागला तो चहामुळे, असं सगळ्यांनी धरलं. “हळू गं आई,” मुलगी म्हणाली. जावई पाणी आणायला उठले आणि उठताना त्यांचा गुडघा टेबलाला लागून नकाशा इंचभर सरकला, तेवढ्यात बाईंनी खात्री करून घेतली. अक्षर स्वच्छ होतं. डिझायनर पोरगीचं अक्षर खरोखर चांगलं होतं. छापखान्यात असं हस्तलिखित आलं असतं तर फोरमनने ते भिंतीवर लावलं असतं. कंसही दोन्ही बाजूंनी नीट बंद केलेला. बाईंना त्या कंसाचंच भय वाटलं. कंस काय चीज असते हे जगात दोनच प्रकारच्या माणसांना कळतं, गणिताचे मास्तर आणि जुळारी. फोरमन सांगायचा, “बाई, पान भरलं, ओळ मावेना झाली, की डोकं खाजवत बसू नका. आधी कंसातलं उडवायचं. लेखकाला कळतसुद्धा नाही.” बाईंनी आयुष्यात शेकडो कंस उडवले होते. एकाही लेखकाला कळलं नव्हतं.

“काकू, तुमच्यासाठी तर मी एकदम खास विचार केलाय,” डिझायनर पोरगी म्हणाली. तिच्या आवाजात खोट नव्हती, हे बाईंना पटत होतं आणि म्हणूनच त्रास होत होता. दुष्ट माणसाशी भांडायला सोपं पडतं. “छोट्या घरात प्रत्येक वस्तूने दोन कामं करायला हवीत. स्टूल उघडलं की आत चपला. पायऱ्या ओढल्या की खण. तसा हा पलंग. रात्री खाली घ्यायचा, सकाळी भिंतीत मिटवायचा. आणि मिटवला ना, की त्याच्या पाठीतून टेबल बाहेर येतं. ताईंना कामाला. एक इंच वाया जात नाही.”

“आई, एका बोटाने मिटतो,” जावई म्हणाले. जावई मनाने फार चांगले. त्यांना छोट्या घरांचे व्हिडिओ बघण्याचा नाद होता, आणि गेले सहा महिने ते घरात वावरताना भिंतींकडे अशा नजरेने बघत, की भिंतींनाच अवघडल्यासारखं व्हावं.

“किती वाजता मिटतो?” बाईंनी विचारलं.

“म्हणजे?”

“सकाळी किती वाजता मिटायचा आणि उघडायचा किती वाजता?”

मुलीने डिझायनरकडे पाहिलं. डिझायनरने नकाशाकडे पाहिलं, जणू तिथे घड्याळही काढलेलं होतं. “नऊ ते सात धरा ना काकू. ताईंचं ऑफिसचं काम असतं तेवढा वेळ.”

“दुपारी तीन वाजता?”

“दुपारी तर तो भिंतीत असणार.”

“आणि मी?”

वरच्या मजल्यावरचं शिवणयंत्र एक लांबलचक शिवण मारून थांबलं. मग जावईच म्हणाले, “आई, तुम्हाला मस्त खुर्ची घेऊ. मागे कलते.”

“म्हणजे खुर्चीलाही मिटता येतं. बरं झालं, मला सोबत झाली.”

“आई, प्रत्येक गोष्टीची चेष्टा नको हं,” मुलगी म्हणाली. “उद्या दुकानात जाऊन पलंग बघून घेऊ. तुला पटला तर उद्याच नक्की करू, म्हणजे परवा सकाळी माणसं येऊन हा जुना लोखंडी घेऊन जातील. आत्ता नक्की नाही केलं, तर सुताराची तारीख पुढे जाते, आणि मला आता हे असं जमत नाहीये. खरंच जमत नाहीये.”

बाई कप धुवायला आत गेल्या. आत म्हणजे चार पावलं. या घरात कुठूनही कुठेही जायचं म्हणजे चार पावलंच लागत, त्यामुळे रागाने निघून जाण्याला म्हणावा तसा परिणाम साधत नसे. ओट्यापाशी उभं राहून त्यांनी नळ बारीक सोडला. छोटं घर कसं लावावं हे कुणी त्यांना शिकवावं याचाच त्यांना खरा अपमान वाटत होता. हे स्वयंपाकघर त्यांनी स्वतः लावलं होतं, खिळ्यांची पेटी लावतात तसं. जे अक्षर सगळ्यात जास्त लागतं त्याचं घर मोठं आणि हाताजवळ. जे क्वचित लागतं ते वर, कोपऱ्यात. मीठ, चहा, काडेपेटी ही सगळी ‘आ’काराच्या कान्याच्या घरात, हात न बघता तिथे जायला हवा, आणि पाहुण्यांचे कप पार वर, ‘ज्ञ’च्या शेजारी. दिवे गेले तरी बाई या ओट्यावर चहा करू शकत. जावई नवे आले तेव्हा त्यांना काहीच सापडत नसे आणि ते अगदी अदबीने विचारत, “आई, साखर कुठल्या अक्षरात आहे?” जावई या घरात आले तेही एका गाळलेल्या जागेमुळे, असं बाई स्वतःशी म्हणत. फार वर्षांपूर्वी एका छोट्या जाहिरातीत त्यांच्या हातून एक चूक झाली होती. मजकूर होता, ‘भाड्याने घर हवे. घर जावई पाहतील, सासूबाई ठरवतील.’ त्या दिवशी मुलीला ताप होता, बाईंचं लक्ष घरी होतं, आणि ‘घर’ आणि ‘जावई’ यांच्यामध्ये घालायचा एवढासा कोरा खिळा घालायचा राहिला. छापून आलं, ‘घरजावई पाहतील, सासूबाई ठरवतील.’ त्या कुटुंबाने छापखान्यात येऊन आकांत केला, कारण त्यांचे जावई ते वाचून आपल्या आईकडे निघून गेले होते. फोरमनने बाईंना समोर बसवून फक्त एकच वाक्य ऐकवलं होतं, “बाई, कोऱ्याला कोरं समजू नका.” आणि पुढे वीस वर्षांनी बाईंच्या स्वतःच्या घरात तोच खिळा गळला. जावयांची नोकरी गेली, भाड्याची जागा सुटली, आणि घर आणि जावई एकमेकांना चिकटून एका खोलीत राहायला लागले.

कोऱ्याला कोरं समजू नका. बाहेरच्या माणसाला वाटतं, दोन शब्दांच्या मध्ये काही नसतं. तिथेही शिसं असतं. अक्षरापेक्षा जरा ठेंगणं असतं एवढंच, त्यामुळे त्याला शाई लागत नाही आणि ते कागदावर उमटत नाही. पण हातात घेतलं तर वजन तेच, आणि ते काढून घेतलं तर ओळ उभी राहत नाही, सगळी अक्षरं खुळखुळून पडतात. बाईंनी आयुष्यभरात जेवढी अक्षरं लावली, जवळपास त्याच्या पाव हिश्श्याएवढं कोरं लावलं असेल. त्याबद्दल कुणी त्यांचं कौतुक केलं नाही, कारण ते कुणी वाचलंच नाही. ‘एक इंच वाया जात नाही,’ हे वाक्य ऐकल्यावर बाईंच्या चिमटीत आपोआप एक कोरा खिळा आला, आणि तो कुठे बसवावा हे न कळून नुसती बोटं एकमेकांवर घासत राहिली. नळ वाहत होता. कप केव्हाच धुऊन झाला होता.

आणि मुळात, दोन कामं करणारा पलंग म्हणजे काही कालचा शोध नव्हता. त्यांचा नवरा शीतगृहात रात्रपाळीला होता. संध्याकाळी सातला तो जाई, सकाळी आठला येई. बाई साडेआठला छापखान्यात जात, सहाला परत. खोली एक, पलंग एक, तीन फुटी. रात्री त्यावर बाई, दिवसा नवरा. सकाळी तो शीतगृहातून यायचा तेव्हा त्याचे हात बर्फाच्या लादीसारखे असत, आणि बाईंनी सोडलेल्या उबेत तो असा सरकायचा, की त्याच्या तोंडून चक्क एक आवाज निघे, वाफेच्या इंजिनासारखा. रात्री बाई आडव्या होत तेव्हा त्याची दिवसभराची ऊब गादीच्या मधल्या खळग्यात थोडी राहिलेली असे. अठ्ठावीस वर्षं तो पलंग एकदाही गार पडला नाही. कुठली डिझायनर करून दाखवील हे? रविवारी मात्र पंचाईत व्हायची. त्याची सुट्टी, हिची सुट्टी, दोघंही एकाच वेळी पलंगावर, आणि दोघांनाही झोप येत नसे, कारण प्रत्येकाला वाटे, आपण दुसऱ्याच्या जागेवर आलोय. “तुझी पाळी कधी संपते?” तो अंधारात विचारायचा. “तुम्ही यायच्या आधी संपत होती,” बाई म्हणायच्या. मग हसण्यात अर्धी रात्र, आणि कोपऱ्यात खाली गादीवर झोपलेली पोर ओरडायची, झोपा ना आता. एवढाच काय तो संसार एकत्र झाला. हिशेब मांडत बसलं तर कमी भरेल म्हणून बाईंनी तो कधी मांडला नाही.

तो वारला तेव्हा बाईंची नोकरी अजून चालू होती. त्यानंतर पहिल्यांदा कामावरून संध्याकाळी घरी आल्या, दिवा लावला, पलंगावर हात ठेवला, तर गार. रडणं नंतर आलं. आधी आला तो निव्वळ राग, की दिवसभर पलंग नुसता पडून राहिला आणि कुणी वापरला नाही. पुढे छापखाना बंद पडला. खिळे वितळवायला गेले, बाई घरी बसल्या. घरी बसल्या असं म्हणतात, पण पहिल्या दिवशी दुपारी त्या खोलीच्या मध्यभागी चार वाजेपर्यंत उभ्याच होत्या. चौतीस वर्षं पेटीसमोर उभं राहिलेल्या पायांना दिवसा वाकायचं असतं हे ठाऊकच नव्हतं. शेवटी पोटऱ्या इतक्या भरून आल्या, की त्या पलंगाच्या कडेवर टेकल्या, आणि टेकल्यावर आडव्या झाल्या, अगदी चोरासारख्या, दाराकडे बघत. कुणी येऊन विचारील, ही तुमची पाळी आहे का? कुणी आलं नाही. मग हळूहळू ऐकू यायला लागलं. वरचं शिवणयंत्र. भिंतीतल्या नळाचा घशातून आल्यासारखा आवाज. शाळा सुटल्याचा गलका. तीन वाजता समोरच्या इमारतीच्या काचेवर आपटून उन्हाचा एक तुकडा छतावर येई, पाण्यासारखा हलत हलत पंख्याच्या दांड्यापर्यंत जाई आणि चारच्या सुमाराला विझे. अठ्ठावीस वर्षं हे सगळं नवऱ्याने ऐकलं होतं, पाहिलं होतं, आणि एका शब्दाने सांगितलं नव्हतं. त्याला वाटलं असेल, हिला ठाऊक असणार, हिचंच घर आहे. नवऱ्याशी बाईंची खरी ओळख अशी त्याच्या माघारी झाली, दुपारी तीन ते चार. त्याने मागे फारसं काही ठेवलं नव्हतं, पण दिवसाचा पलंग ठेवला होता. आणि तो आता एका बोटाने मिटणार होता.

दुसऱ्या दिवशी डिझायनर पोरगीसह सगळे दुकानात गेले तेव्हा बाईंनी ठरवलं होतं, की शांतपणे बघायचं, मान डोलवायची आणि बाहेर येऊन नाही म्हणायचं. दुकान अवाढव्य होतं. छोटी घरं विकायला एवढी मोठी जागा का लागते हे विचारायचा मोह त्यांनी आवरला. आत ओळीने नकली खोल्या मांडलेल्या, पुढची भिंत नसलेल्या. त्या खोल्यांतून माणसं भटकत होती, कपाटं उघडून आत डोकावत होती, दुसऱ्याच्या घरात कधी करता येत नाही ते सगळं करून घेत होती. पुस्तकांच्या जागी पुस्तकांच्या नुसत्या पाठी होत्या. आरसा होता, त्याने खोली दुप्पट दिसत होती हे खरं, पण माणसंही दुप्पट दिसत होती. आरशात दोन जावई बघून बाईंनी नजर वळवली. आणि मग तो पलंग. इस्त्रीचा शर्ट घातलेल्या विक्रेत्याने भिंतीतल्या खाचेत खरोखरच एक बोट घातलं, आणि भिंतीतून पलंग असा खाली आला, जसा एखादा फार सभ्य माणूस मुजरा करतो.

“झोपून बघा ना आजी. बिनधास्त.”

बाई बसल्या. मग पाय वर घेतले. मग आडव्या झाल्या. पलंग फार चांगला होता. पंचाईत इथेच झाली. लोखंडी पलंगाची मधली पट्टी त्यांच्या कमरेला रोज टोचत असे. इथे काही टोचत नव्हतं. पाठ एकेक मणका मोजत खाली उतरली. वर दुकानाचं उंच छत होतं, पत्र्याचे नळ, जाड वायरी. आणि भिंतीवर कुठलंसं गोल घड्याळ टांगलेलं होतं, विकायचं, तरी चालू. तीन वाजून दोन मिनिटं झाली होती.

“बघितलंत? आता उठा, मी मिटवून दाखवतो.”

“नको,” बाई म्हणाल्या.

“मिटवून नाही पाहायचं?”

“मी झोपलेय. उठणार नाही.”

हे वाक्य आपल्या तोंडून बाहेर पडलेलं ऐकून बाईंनाच नवल वाटलं. आयुष्यात त्या कधी काही अडवून बसल्या नव्हत्या. फोरमनशी, मालकाशी, नशिबाशी, सगळ्यांशी उभ्यानेच बोलल्या होत्या. आडवं पडून नाही म्हणणं किती सोपं असतं हे कुणी सांगितलं नव्हतं. विक्रेता हसला. जावई हसले. मग दोघंही हसायचे थांबले.

“आई,” जावई हळूच म्हणाले, “घरी गेल्यावर बोलू ना आपण.”

“घरी दुपारी मी कुठे असणार? खुर्चीत. जे बोलायचं ते जावईबापू, मी आडवी आहे तोवर बोला.”

एक तरुण जोडपं येऊन थांबलं. त्यांनाही हाच पलंग बघायचा होता. नवऱ्याने पाटी वाचली, बायकोने पलंगाकडे आणि बाईंकडे पाहिलं आणि अगदी हळू, पण ऐकू येईल असं विचारलं, “या आजी... दाखवायला ठेवल्यात का?”

“नाही गं पोरी,” बाई डोळे न उघडता म्हणाल्या. “गादी मिळते. आजी तुझ्या तू आणायच्या.”

आता मुलगी पलंगापाशी आली आणि वाकली. तिच्या श्वासावरून बाईंना कळलं, की ही रडायच्या किंवा ओरडायच्या बेतात आहे. लहानपणापासून दोन्हींच्या आधीचा श्वास एकच. “आई, लोक बघतायत.”

“बघू देत. दुकानात लोक बघायलाच येतात.”

“तुला फक्त तुझा पलंग दिसतो. माझं काही दिसतं का? रोज दहा तास मी ओट्यावर लॅपटॉप ठेवून उभी राहते. उभी, आई. मीटिंगमध्ये मागे तुझे डबे दिसतात. पाय सुजतात माझे संध्याकाळी. तुला वाटतं मी हौस म्हणून करतेय हे सगळं? आरसा आणि झाडं?”

बाईंनी डोळे उघडले. मुलगी वरून बघत होती, उलटी, कपाळ खाली आणि हनुवटी वर. बाईंना चेहरे असेच नीट वाचता येत. त्यांच्या पोटऱ्यांमध्ये जुनं काहीतरी ठणकलं. पेटीसमोर उभं राहणं. डावा पाय थोडा पुढे, मग उजवा, मग परत डावा. दुपारी साडेतीननंतर पाय आपले राहत नाहीत. मुलगी उभी असते हे त्यांना दिसत होतं. रोज दिसत होतं. पण उभं राहून काम करतात हे इतकं गृहीत धरलेलं, की त्यात काही चुकतंय असं त्यांच्या मनात आलंच नाही. ओट्यावरचे मिठाचे, चहाचे डबे मुलीच्या कोपराला लागत असणार. खुर्ची ठेवायला जागा कुठे होती? एक क्षण बाईंना वाटलं, उठावं. पाय खाली सोडावेत, चपला शोधाव्यात, म्हणावं, मिटवा बाबा. एवढं वाटलं, की कोपर टेकून त्या अर्ध्या उठल्यासुद्धा, आणि विक्रेत्याचं बोट भिंतीकडे निघालंसुद्धा. ते बोट बाईंनी पाहिलं. आणि अर्धवट उठलेल्या त्या तशाच थांबल्या. आई उभी होती म्हणून मुलगी उभी राहायला शिकली. आता आई मिटली तर मुलगी पुढे काय शिकेल, हे त्यांना अगदी स्वच्छ, छापल्यासारखं दिसलं. त्या पुन्हा पाठीवर पडल्या.

“तुला टेबल हवंय,” त्या छताकडे बघत म्हणाल्या. “बसायचं टेबल. खिडकीपाशी, उजेडात. ते मलाही हवंय, तू बसावंस म्हणून. पण त्यासाठी मला का मिटवता? सायकल मिटवा.”

“सायकल?” डिझायनर पोरगी म्हणाली.

“जावईबापूंची. जागेवरची. जी चालवत नाहीत आणि जिच्यावर टॉवेल वाळतात. नकाशात तिला पूर्ण जागा दिलीयस, चांगली साडेतीन फूट. आणि तिच्यापुढे कंस नव्हता. माझ्यापुढे होता. मी वाचलंय.”

पोरगी लाल झाली. “काकू, तुम्ही समोरून... तो नुसता टेक्निकल शब्द आहे हो. मला तसं म्हणायचं नव्हतं.”

“मला ठाऊक आहे. तुझं अक्षर फार छान आहे. आता लिही. लोखंडी पलंग चार विटांएवढा उचल, चाकांचे खण कर त्याखाली. सरकते, म्हणजे दार उघडायला जागा लागणार नाही. हिचे कागद, यांचे कपडे, सगळं तिथे. सायकल गेली की तिथे भिंतीला टेबल लाव, टेबलाला खुशाल घडी घाल, टेबलाला वाईट वाटत नाही. डबे मी ओट्यावरून हलवीन. आरसा लावायचाय तर हिच्या खुर्चीच्या मागे लाव, म्हणजे मीटिंगमध्ये मागे खिडकी दिसेल. झाडं लटकव, माझी ना नाही. मधल्या पट्टीला जाड गादी. आणि पलंग दिवसा उघडा.”

“सायकल मी सोमवारपासून चालवणारच होतो,” जावई म्हणाले. ते वाक्य तसंच दुकानात राहिलं, विकायला ठेवल्यासारखं.

पोरगीने पिशवीतून पेन्सिल काढली, शेजारच्या नकली जेवणटेबलावर नकाशा पसरला. ती मोजत होती, पुटपुटत होती, खोडत होती. मुलगी पलंगाच्या कडेला टेकली. टेकली ती बाईंच्या घोट्यापाशी, अगदी थोड्या जागेत. मग तिने आपल्या सँडलचा पट्टा सैल केला.

“होतंय,” पोरगी शेवटी म्हणाली, जरा नवलाने. “टेबल बसतंय. पण ताई, मला सांगायलाच हवं. पलंग असा कायम राहिला तर खोलीची मधली वाट दोन फुटांचीच राहते. आणि काकू झोपणार दुपारी एकच तास. बाकी दिवसभर तेवढी जागा नुसती अडून राहणार.”

“राहू दे अडून,” मुलगी म्हणाली.

“वाया जाईल.”

“जाऊ दे. तिची आहे.”

विक्रेता घसा साफ करत पुढे आला. ते जोडपं अजून थांबलेलं होतं. “मॅडम, मग हा मिटवू ना? त्यांना दाखवायचाय.”

“अजून पन्नास मिनिटं नाही,” मुलगी म्हणाली. “त्यांना सांगा, उघडा कसा दिसतो ते आधी नीट बघा.”

बाईंनी हे सगळं ऐकलं. आभार मानावेत, मुलीचा हात धरावा, असं काही त्यांच्या मनात येऊन गेलं नाही असं नाही. पण आभार मानले तर ही जागा कुणीतरी दिली असं झालं असतं. त्यांनी चष्मा काढून उशाशी ठेवला, कूस बदलली आणि पलंगाचा उरलेला अर्धा भागही व्यापून टाकला.